सदतीस आजोबा, एक बैल

पांढुर्णा
१९ जुलै २०२५

प्रिय प्रज्ञा,

सौंसर शाखेची मुख्याध्यापिका म्हणून तुझं हे पहिलं वर्ष, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. फोन करू नकोस. व्हॉट्सॅप तर मुळीच नको. दोन ओळींत सांगितलेलं काम दोन ओळींएवढंच होतं. दर शनिवारी दादाराव शाळेची गाडी घेऊन दोन्ही शाखांमधल्या कागदांची थैली नेतो-आणतो. तिच्यात पत्र टाकायचं. माझ्या विद्यार्थिनीला पत्र लिहिता येतं, एवढं मी गृहीत धरते.

संस्थेच्या दोन्ही शाळांचा अभ्यासक्रम माझ्याकडे येऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी एकच गोष्ट पाहिली. शिक्षक फळ्यावर उत्तर लिहितो, मुलं ते उतरवतात, शिक्षक त्यावर लाल शाईने खूण करतो. म्हणजे तो स्वतःचंच उत्तर तपासतो. हे यंदापासून बंद. सहावी ते आठवीत कोणत्याही विषयाचं उत्तर फळ्यावर लिहायचं नाही आणि तोंडीही सांगायचं नाही. मुलांनी लिहायचं, चुकलं तर शिक्षकाने प्रश्न विचारायचा.

सहामाहीत हिंदीच्या पेपरात दहा गुणांचा एक प्रश्न ‘घरी विचारून लिहा’ असा राहील. प्रश्न आठ दिवस आधी सांगायचा. मुलांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारायचं आणि पेपरात आपल्या शब्दांत लिहायचं. गुण कसे द्यायचे त्याचा तक्ता सोबत आहे. तो मी केला आहे, त्यात बदल नको.

पहिल्या महिन्याचा अहवाल २ ऑगस्टच्या थैलीत पाहिजे.

मनकर्णा कळंबे

---

सौंसर
२ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. अहवाल सोबत आहे. पण त्यात जे मावलं नाही ते इथे लिहिते.

मुलं लिहीत नाहीत. आठवीत अडतीस आहेत. प्रश्न दिला की ती पेन उघडतात आणि फळ्याकडे पाहत बसतात. दहा मिनिटं, वीस मिनिटं. त्यांना वाटतं बाई विसरल्या, आता आठवेल आणि लिहून देतील. एकाने तर हात वर करून विचारलं, “मॅडम, आन्सर कधी येईल?” जशी काही बस आहे.

पालक येऊन राहिले आहेत. इथे पालक शाळेत शिकवणं पाहत नाहीत, वही पाहतात. बोरगावचे भिवाजी मुलाची वही माझ्या टेबलावर उघडून म्हणाले, “बाई, माह्या पोराची वही कोरी कावून हाय? फी त मी पुरी भरली.” मी त्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि परवा मुलाचा दाखला मागायला आले. अजून दिलेला नाही.

बाई, योजना मला पटते. पण मुलं घरी मराठी बोलतात, मध्य प्रदेशातली शाळा म्हणून इथे हिंदीत लिहितात, आणि आजवर त्यांना कोणी काही विचारलंच नाही. वेळ लागेल. यंदा गुणांकडे पाहू नये अशी विनंती आहे.

आपली,
प्रज्ञा सोमकुंवर

---

पांढुर्णा
७ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रज्ञा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अडचणी नीट लिहिल्या आहेस. उपाय एकही नाही.

गुणांकडे पाहू नये, हे मला सांगून उपयोग नाही. संस्थेचे अध्यक्ष रघुनाथराव यांना सांगावं लागेल. त्यांच्या टेबलावर एका कंपनीचा तयार अभ्यासक्रम पडून आहे. प्रत्येक धड्याची छापील उत्तरं, शिक्षकाने काय बोलायचं तेही छापलेलं. २२ जानेवारीला कार्यकारिणीची सभा आहे. आठवीच्या हिंदीची सरासरी पासष्टच्या खाली गेली तर आपली योजना त्या दिवशी बंद होईल आणि ते पॅकेज दोन्ही शाळांत येईल. आपल्या मुलांना पुन्हा कोणी काही विचारणार नाही, हे लिहून ठेव.

पांढुर्ण्यात माझा वर्ग कच्चा आहे, हे मला माहीत आहे. माझी सगळी भिस्त सौंसरवर आहे. तुझ्याकडून ती ढळली तर सभेत मी कारण सांगताना हात राखणार नाही. वेळ लागेल, घरी मराठी आहे, पालक येतात, ही कारणं पुन्हा पत्रात नकोत. सरासरी पासष्टच्या खाली जाणार असेल तर आत्ताच लेखी कळवावे.

मनकर्णा कळंबे

---

सौंसर
१३ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाई,

पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरळीत सुरू आहे. आठवीची मुलं आता लिहितात. भिवाजींचा मुलगा शाळेतच आहे. सरासरीची काळजी नसावी.

अहवाल सोबत आहे.

आपली,
प्रज्ञा

---

पांढुर्णा
२० डिसेंबर २०२५

प्रिय प्रज्ञा,

सहामाहीचे आकडे आले. पांढुर्णा अठ्ठावन्न. सौंसर एकाहत्तर.

मी कोणाला सहसा शाबासकी देत नाही. तू आठवीत माझ्या वर्गात होतीस, तेव्हाही दिली नसेल. आज देते. सप्टेंबरपासून तुझी पत्रं आखूड झाली, तेव्हाच मी ओळखलं की तू रडगाणं सोडून कामाला लागलीस.

आता पुढचं. मी सभेसाठी टिपण लिहायला घेतलं आहे. त्यात मी स्पष्ट म्हटलं आहे की सौंसरने करून दाखवलं, त्यामुळे योजना पुढच्या वर्षीही दोन्ही शाळांत चालावी. रघुनाथराव आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत, कागद मागतात. म्हणून आठवीच्या हिंदीच्या सगळ्या उत्तरपत्रिका मला पाठव. त्यातल्या ‘घरी विचारून लिहा’ प्रश्नाची उत्तरं मी सभेत वाचून दाखवीन. ‘घरातल्या मोठ्या माणसांच्या लहानपणी आपल्या गावात असलेली आणि आता नसलेली गोष्ट कोणती’, हा प्रश्न मीच काढला होता. मुलांनी काय काय लिहिलं असेल, ते वाचायची मला उत्सुकता आहे.

मनकर्णा कळंबे

---

सौंसर
२७ डिसेंबर २०२५

आदरणीय बाई,

शाबासकीबद्दल काय लिहावं, कळत नाही.

सगळ्या उत्तरपत्रिका पाठवायची गरज आहे का? अक्षर चांगलं असलेल्या पाच मी निवडून ठेवल्या आहेत. सभेत पाचच पुरतील. बाकीच्या इथे रेकॉर्डला लागतात.

सगळ्याच पाहिजे असतील तर पुढच्या शनिवारी दादारावांबरोबर देते. मग एवढंच करा, गठ्ठा वरून वाचू नका, खालून वाचा.

आपली,
प्रज्ञा

---

पांढुर्णा
८ जानेवारी २०२६

प्रज्ञा,

मी गठ्ठा वरूनच वाचला. खालून वाच असं तू का लिहिलंस, ते मला नंतर कळलं.

शनिवारी दादारावने गठ्ठा आणून दिला. मी खुशीत होते. सगळ्यात वर त्याच्याच मुलाची, नितीनची उत्तरपत्रिका होती. दहापैकी नऊ. म्हटलं बापालाच ऐकवू. त्याला समोर बसवलं, चहा दिला आणि वाचून दाखवलं. आजोबांच्या विहिरीवर मोट चालायची, बैलाचं नाव हिरा होतं, मोटेचं पाणी पाटात पडलं की आजोबा गाणं म्हणायचे, आता मोट नाही आणि हिराही नाही.

दादाराव चहा पीत शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “बाई, हे कोनाच्या आजोबाचं हाय? माह्या बापाले बैल कुठचा? त्यानं तं जिंदगीभर लोकाईच्या मोटा हाकल्या.”

तो गेल्यावर मी पुढच्या उत्तरपत्रिका उघडल्या. दुसऱ्या उत्तरात हिरा. तिसऱ्यात हिरा. मोहगावच्या मुलाचा हिरा, बोरगावच्या मुलाचा हिरा, सौंसरच्या दुकानदाराच्या मुलीचाही हिरा. सदतीस आजोबा आणि बैल एकच. हिरा नावाचा बैल आमच्याकडेही होता. या भागात दर तिसऱ्या गोठ्यात असतो. पण सदतीस घरांत तो एकाच वाक्यात मरत नाही.

मला चार गोष्टी लेखी हव्या आहेत. हे उत्तर कोणी सांगितलं. कधीपासून चाललं आहे. बाकीच्या प्रश्नांचंही असंच आहे का. आणि सभेला चौदा दिवस राहिले असताना, मी टिपणावर सही करून ते रघुनाथरावांकडे पाठवल्यावर, हे मला एका ड्रायव्हरकडून का कळावं.

शनिवारची वाट पाहू नकोस. दादाराव सोमवारी खास येईल.

मनकर्णा कळंबे

---

सौंसर
१२ जानेवारी २०२६

आदरणीय बाई,

दादाराव बाहेर गाडीत बसले आहेत. ते नुसतं म्हणाले, “नितीनले मी काई मनलं नाई, मॅडम. तुमी बी मनू नका.”

तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

उत्तर मी सांगितलं. आमच्या इथले शिक्षक मयूर सर यांनी नाही, दुसऱ्या कोणीही नाही. तपासलं मात्र मयूर सरांनी, तुमच्या तक्त्याप्रमाणे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून. तुमचं ७ तारखेचं पत्र आल्यावर मी आठ दिवस काहीच केलं नाही. मग मुलांना दुसरी वही आणायला सांगितली. शाळेच्या वहीत मुलांनी लिहिलेलं, घरच्या वहीत मी सांगितलेलं. शाळेची वही तुमच्या तपासणीला, घरची पालकांना दाखवायला आणि परीक्षेला. पालक खूश झाले. भिवाजी पेढे घेऊन आले. बाकीच्या प्रश्नांचंही तसंच आहे.

का सांगितलं नाही? सांगितलं होतं, बाई. २ ऑगस्टला. त्याचं जे उत्तर आलं ते माझ्याजवळ आहे. ‘ही कारणं पुन्हा पत्रात नकोत.’ मी पत्रात कारणं लिहिणं बंद केलं. आखूड पत्र वाचून तुम्हाला वाटलं, मी कामाला लागले.

आता हिराबद्दल. तो दर तिसऱ्या गोठ्यातला नाही. तो तुमच्याच गोठ्यातला आहे. १९९७ साली मी आठवीत असताना तुम्ही आम्हाला निबंध दिला होता, ‘माझे आजोबा’. आम्ही फळ्याकडे पाहत बसलो. शेवटी तुम्ही खडू उचलला आणि तुमच्या आजोबांबद्दल लिहून दिलं. मोट, पाटाचं पाणी, गाणं, हिरा. आम्ही सगळ्यांनी उतरवलं. मला दहापैकी नऊ मिळाले. माझे आजोबा त्या वेळी सौंसरला कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांच्याबद्दल मी आजपर्यंत एक ओळ लिहिलेली नाही. पण तुमचा हिरा मला अजून तोंडपाठ आहे. मुलांना सांगायची वेळ आली तेव्हा दुसरं काही आठवलंच नाही.

अडतिसावी उत्तरपत्रिका सगळ्यात खाली आहे. सुप्रिया नावाची मुलगी आहे. तिने दुसरी वही आणलीच नाही. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, माझी आजी खरंच सांगते तर दुसरं कशाला लिहू. ती तुम्ही वाचावी म्हणूनच खालून वाचा असं लिहिलं. वर ठेवायची हिंमत झाली नाही.

राजीनामा सोबत जोडला आहे. टिपणातून सौंसरचं नाव काढून टाका आणि सगळा दोष माझ्यावर घाला. योजनेवर घालू नका.

आपली,
प्रज्ञा

---

पांढुर्णा
२३ जानेवारी २०२६

प्रिय प्रज्ञा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जुनी ट्रंक उघडली. तुमच्या त्या वर्षीचं माझं पाठांचं टाचण सापडलं. ‘माझे आजोबा, नमुना उत्तर, वर्गाने उतरवून घेतले.’ खाली मुख्याध्यापकांची सही आणि ‘उत्तम’ असा शेरा.

मग गठ्ठ्यातली शेवटची उत्तरपत्रिका काढली. त्या दिवशी बैल नाही एवढंच पाहून ती न वाचता बाजूला ठेवली होती. तिने पाच ओळी लिहिल्या आहेत, अर्धी हिंदी, अर्धी आपली भाषा. पहिले छोटी गाडी होती, नॅरोगेजची. आजी लाईनीजवळच्या वावरात तण निंदायला जायची. गाडीची शिटी झाली की सगळ्या बाया भाकरी खायला बसायच्या, मालकाला विचारायचं काम नव्हतं. आता छोटी गाडी नाही. आणि शेवटची ओळ तिच्याच शब्दांत: ‘अब टाइम मालिक के मोबाइल में है।’

दहापैकी दोन. मयूर सरांची चूक नाही. सहा वाक्यं नाहीत, दोन गुण गेले. भाषा शुद्ध नाही, चार गेले. समारोप नाही, दोन गेले. तक्त्यात शुद्धतेला चार गुण आहेत आणि स्वतःच्या गोष्टीला एकही नाही. तक्ता मी केला होता आणि त्यात बदल नको असंही मीच लिहिलं होतं.

काल सभा झाली. सातही सभासद हजर होते. मी उभी राहून सांगितलं की माझं टिपण मी मागे घेते, सौंसरचे एकाहत्तर खरे नाहीत. रघुनाथरावांनी चष्मा काढला आणि सावकाश विचारलं की हे कोणाचं काम, मुख्याध्यापिकेचं का. मी म्हटलं, सदतीस मुलांनी जो बैल लिहिला तो माझ्या आजोबांचा आहे. आधी माझी चौकशी करा. मग सगळं सांगितलं, १९९७ पासून. तुझ्या दोन वह्याही सांगितल्या. तुला वाचवायला मी खोटं बोलले नाही, हे तुला माहीत असावं.

मग सुप्रियाच्या पाच ओळी वाचल्या. शेवटची ओळ झाल्यावर प्रभाकर, ज्यांची स्वतःची संत्र्याची बाग आहे आणि ज्यांना मी चार वर्षांत सभेत तोंड उघडताना पाहिलं नव्हतं, खाली पाहून हसले आणि म्हणाले, खरं लिहिलं पोरीनं. रघुनाथराव हसले नाहीत. ते मला म्हणाले, “बाई, एका पोरीच्या पाच ओळीसाठी दोन शाळा थांबवू का मी? एवढंच असन तं तुमीच जाऊन शिकवा न सौंसरले.”

मी म्हटलं, “जाते.”

त्यांना ते अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. पण प्रभाकरांनी लगेच ठराव मांडला आणि तो एका मताच्या फरकाने पास झाला. पांढुर्ण्यात एप्रिलपासून कंपनीचं पॅकेज येईल. माझं अभ्यासक्रम प्रमुखाचं पद ३१ मार्चला संपेल. सौंसरची सहावी ते आठवी एक वर्ष आपल्या योजनेवर राहील, साधी शिक्षिका म्हणून मी तिथे हिंदी शिकवीन, आणि पुढच्या जानेवारीत रघुनाथराव स्वतः येऊन कोणत्याही दहा मुलांना त्यांच्यासमोर लिहायला लावतील. नाही लिहिलं तर तिथेही पॅकेज. पांढुर्ण्याच्या मुलांसाठी मी काही वाचवू शकले नाही. हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

तुझ्याबद्दल ठराव झाला नाही. रघुनाथराव म्हणाले, ती मुख्याध्यापिका तुमच्या हाताखालची, तुम्हीच पाहा. आता एप्रिलपासून मीच तुझ्या हाताखाली येते, तेव्हा काय पाहणार. दोन वह्यांचं मी माफ केलेलं नाही. घरच्या अडतीस, नव्हे सदतीस वह्या गोळा कर आणि मुलांनाच विचार, त्यांचं काय करायचं.

तुझा राजीनामा परत पाठवते. ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत असून तो मंजूर करावा ही नम्र विनंती.’ हे वाक्य तू कुठून तरी उतरवलं आहेस. राजीनामाच द्यायचा असेल तर आपल्या शब्दांत लिही. मग वाचीन.

मनकर्णा कळंबे

---

सौंसर
३१ जानेवारी २०२६

आदरणीय बाई,

आपल्या शब्दांत लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिता लिहिता माझे आजोबाच येऊन राहिले. गाठ पाठीवर घेताना ते आधी तिला हात लावून नमस्कार करायचे, हे मला इतकी वर्षं आठवलं नव्हतं. दोन पानं झाली. त्यात राजीनामा कुठेच आला नाही, म्हणून पाठवत नाही. दोन्ही पानं आठवीत वाचून दाखवली. हा धडा कोणत्या पुस्तकात आहे, असं नितीनने विचारलं.

वह्यांचं मुलांना विचारलं. अर्धी म्हणतात जाळा, अर्धी म्हणतात मागची कोरी पानं चांगली आहेत, वापरू. वापरून राहिली आहेत. भिवाजींना खरं सांगितलं. ते काल दाखला मागायला पुन्हा आले आणि या वेळी मी तो दिला.

मंगळवारी पुन्हा प्रश्न दिला. अकरा मुलांनी लिहिलं. सत्तावीस फळ्याकडे पाहत बसली. आकडा खरा आहे.

गुणांच्या तक्त्याचं तेवढं बोलायचं आहे. तुम्ही आल्यावर तो नव्याने करू, पण एकटीने करायचा नाही. आणि एप्रिलपासून शाळा सकाळची राहील. पांढुर्ण्याहून पहिली बस पकडली तर वेळेवर पोचता येतं. प्रार्थनेला सगळ्या शिक्षकांनी हजर राहायचं असतं. उशीर झाल्यास कारण लेखी द्यावे. कारण काहीही चालेल, पत्रात नको असं मी लिहिणार नाही.

आपली,
प्रज्ञा सोमकुंवर